नकाशाला कुलूप कशासाठी?

नकाशाचे काम काय, असा प्रश्न पाचवीतल्या मुलाला विचारला तर ‘जागा कुठे आहे ते दाखवणे’ असे उत्तर मिळेल, आणि ते अगदी बरोबर आहे. मात्र या उत्तरात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ज्याला जागा शोधायची आहे त्याच्या हातात नकाशा आहे, ही ती गोष्ट. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत नकाशे कागदावरून संगणकात गेले. ते अधिक अचूक झाले, झटपट दुरुस्त करता येऊ लागले आणि त्यांची प्रत काढणे जवळजवळ बिनखर्चाचे झाले. नेमक्या याच काळात त्यांना कुलपेही लागली.

ही कुलपे दोन प्रकारची आहेत. एक तांत्रिक, म्हणजे संगणकातील फाइल विशिष्ट यंत्रावरच उघडेल अशी योजना. दुसरे प्रशासकीय, म्हणजे नकाशा कोणाला, किती आणि कोणत्या अटींवर द्यायचा याचे नियम. या दोन्ही कुलपांची चिकित्सा करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. सुरुवात आम्ही समुद्रावरच्या नकाशांपासून करतो आणि तेथून चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलाकडे येतो. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या जिल्ह्यांतील शिक्षकांना सागरी नकाशांशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, कुलपाची रचना आणि त्यामागचे युक्तिवाद समुद्रावर सर्वांत स्पष्ट दिसतात. तेथे ते तपासून पाहिले की जमिनीवरचा घोळ उलगडणे सोपे जाते.

सागरी नकाशाचे कुलूप

समुद्रात रस्ते नसतात. पाण्याखालचा खडक दिसत नाही. म्हणून पाण्याची खोली, वाळूचे दांडे, दीपगृहे, बोये आणि बुडालेली जहाजे दाखवणारा नकाशा हाच खलाशाचा डोळा. पूर्वी हे नकाशे जाड कागदावर छापलेले असत. २०१२ ते २०१८ या काळात आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मोठ्या व्यापारी जहाजांवर टप्प्याटप्प्याने इलेक्ट्रॉनिक नकाशायंत्र बसवणे बंधनकारक झाले. या यंत्राच्या पडद्यावर समुद्राचा नकाशा, त्यावर उपग्रहांच्या साहाय्याने कळणारे जहाजाचे स्थान आणि पुढे उथळ पाणी असेल तर धोक्याची सूचना, असे सगळे एकत्र मिळते. भारताच्या भोवतालच्या समुद्राचे असे नकाशे देहरादून येथील राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय तयार करते. हे कार्यालय नौदलाच्या अखत्यारीत आहे.

हे नकाशे कोणत्या मांडणीत साठवायचे, याचे ‘एस-५७’ नावाचे मानक मोनॅको येथील आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटनेने ठरवले. ते मानक खुले होते. कोणीही वाचावे, कोणीही त्यासाठी आज्ञावली लिहावी. मग २००३ साली याच संघटनेने ‘एस-६३’ हे दुसरे मानक आणले, ते नकाशांच्या संरक्षणासाठी. त्याची कार्यपद्धती थोडक्यात अशी आहे.

प्रत्येक नकाशायंत्राला त्याच्या निर्मात्याने एक गुप्त ओळख-क्रमांक दिलेला असतो. त्या क्रमांकावरून सांकेतिक भाषेतला एक परवाना तयार होतो. जहाजाचा मालक तो परवाना नकाशे विकणाऱ्या संस्थेकडे पाठवतो. नकाशाची फाइल आधीच सांकेतिक रूपात बंद केलेली असते आणि प्रत्येक नकाशाची किल्ली वेगळी असते. विक्रेता ती किल्ली त्या एका यंत्राच्या ओळख-क्रमांकाने पुन्हा बंद करून पाठवतो आणि सोबत मुदतीची तारीख जोडतो. परिणामी ती किल्ली दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर लागत नाही. यंत्र बदलले की परवाना नवा, किल्ल्या नव्या. मुदत संपली की पुन्हा किल्ल्या घेणे आलेच.

हे वाचून ‘मग यात गैर काय?’ असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. सर्वेक्षणाला खर्च येतो, जहाजे पाठवावी लागतात, माणसे राबतात. त्यांच्या श्रमाचे फळ कोणी फुकट उचलू नये. शिवाय समुद्रात खोटा किंवा कोणी फेरफार केलेला नकाशा प्राणघातक ठरतो. तेव्हा संरक्षण हवेच. या दोन युक्तिवादांपैकी दुसरा फार महत्त्वाचा आहे, आणि त्यातच सगळ्या गोंधळाचे मूळ आहे.

सही वेगळी, कुलूप वेगळे

एस-६३ मध्ये दोन स्वतंत्र गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत. एक आहे अंकीय सही. नकाशा तयार करणारे कार्यालय संपूर्ण फाइलवर गणिती प्रक्रिया करून, आपल्या गुप्त किल्लीच्या साहाय्याने एक लांबलचक संख्या काढते आणि फाइलसोबत पाठवते. या गुप्त किल्लीची जोडीदार अशी एक जाहीर किल्ली असते. ती वापरून कोणालाही ही संख्या तपासता येते. फाइलमध्ये एका ठिकाणी १२ मीटर खोलीचे कोणी २१ मीटर केले, तर पडताळणी चुकते आणि फेरफार ताबडतोब उघड होतो. दुसरी गोष्ट आहे कुलूप, म्हणजे फाइल सांकेतिक रूपात बंद करणे.

आता विचार करा. नकाशा खरा आहे याची हमी कोण देते? सही देते. कुलपाचा त्याच्याशी काही संबंध नाही. शाळेतले उदाहरण घेऊ. परीक्षा मंडळाची गुणपत्रिका खरी कशावरून, तर तिच्यावरच्या सही-शिक्क्यावरून. तिची झेरॉक्स काढता येते, सत्यप्रत करून दहा ठिकाणी देता येते, म्हणून तिचा खरेपणा कमी होत नाही. उद्या मंडळाने म्हटले की गुणपत्रिका लोखंडी पेटीतच मिळेल आणि पेटी फक्त एकाच टेबलावर उघडेल, तर खरेपणा रतीभरही वाढणार नाही. विद्यार्थ्याची गैरसोय मात्र वाढेल.

सुरक्षिततेसाठी म्हणून जे सांगितले जाते ते सहीचे समर्थन असते, आणि त्याच्या आडून गळ्यात पडते ते कुलूप. टीका करायची ती या सरमिसळीवर. सागरी नकाशांच्या बाबतीत तरी ती अपरिहार्य नाही, याचा पुरावाही आहे. अमेरिकेच्या सरकारी सागरी संस्थेचे, म्हणजे ‘नोआ’चे, इलेक्ट्रॉनिक नकाशे कोणालाही मोफत आणि कुलपाविना उतरवून घेता येतात. तेथे संघ सरकारच्या कामावर त्या देशात स्वामित्वहक्क नसतो. करदात्याने एकदा पैसे दिले, आता माल त्याचा, असा तो सरळ हिशेब आहे.

कुलूप तरी किती भक्कम? एस-६३ मधील नकाशाची किल्ली ४० द्विमान अंकांची आहे. म्हणजे शक्य किल्ल्यांची संख्या २ चा ४० वा घात, सुमारे १.१ लाख कोटी. हा आकडा प्रचंड वाटतो. पण समजा, एखादा संगणक सेकंदाला एक कोटी किल्ल्या लावून पाहू शकतो. मग सर्व किल्ल्या संपायला सुमारे १ लाख १० हजार सेकंद, म्हणजे साधारण ३० तास लागतील. असे दहा संगणक असतील तर तीन तास. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना घातांकांचे हे उदाहरण अवश्य सोडवायला द्यावे. त्यातून निघणारा निष्कर्ष गमतीचा आहे. ज्याने चोरी करायचीच ठरवले आहे त्याला हे कुलूप फार काळ रोखत नाही. ज्याने रीतसर पैसे भरले आणि ज्याचे यंत्र भर समुद्रात बिघडले, तो मात्र अडतो.

हा अनुभव खलाशांपुरता नाही. आमच्याकडे जलाशयांच्या अभ्यासासाठी घेतलेली नकाशांची एक आज्ञावली संगणकाच्या पाठीमागे जोडायच्या छोट्या डबीवर चालत असे. डबी हे तिचे कुलूप. काही वर्षांनी डबी बिघडली आणि विक्रेत्याने तोवर तो धंदाच बंद केला होता. आज्ञावली संगणकात जशीच्या तशी, नकाशे जसेच्या तसे, पण उघडायला कोणी नाही. कागदाचा नकाशा जुना होतो, फाटतो, वाळवी खाते, तरी वाचता येतो. कुलपातला नकाशा अखंड असूनही नाहीसा होतो.

हिंगणघाटची समाधी आणि चार अंकांचा जिल्हा

आता जमिनीवर येऊ. भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ सालची. १८०२ साली विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ पायारेषा मोजून दक्षिणोत्तर त्रिकोणांची साखळी मांडायला सुरुवात केली. ही साखळी साधारण ७८ अंश पूर्व रेखावृत्ताच्या अनुरोधाने विदर्भात पोहोचली. जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाट येथे लॅम्बटनचा मृत्यू झाला. त्याची समाधी तेथेच, चंद्रपूर जिल्ह्याच्या वेशीपासून फार दूर नाही. पुढे हे काम जॉर्ज एव्हरेस्टने नेले. त्याने १८३० साली मांडलेला पृथ्वीचा आकार आपल्या जुन्या नकाशांचा पाया झाला. हा तपशील पुढे उपयोगी पडणार आहे.

या सर्वेक्षणातून तयार झाले स्थलनिर्देशक नकाशे, ज्यांना सगळे ‘टोपोशीट’च म्हणतात. त्यांच्या क्रमांकांची रीत मोठी सुबक आहे. ४ अंश अक्षांश आणि ४ अंश रेखांश एवढ्या चौकोनाला एक अंक. त्याचे १६ भाग, प्रत्येकी एक अंशाचे, त्यांना इंग्रजी ए ते पी अक्षरे. त्या प्रत्येकाचे पुन्हा १६ भाग, प्रत्येकी १५ मिनिटांचे, त्यांना १ ते १६ अंक. हे शेवटचे पत्रक म्हणजे १:५०,००० प्रमाणाचा नकाशा, जमिनीवरच्या एका किलोमीटरला कागदावर दोन सेंटिमीटर. चंद्रपूर शहर ‘५६ एम/५’ या पत्रकात येते. त्याच्या थेट उत्तरेचे ताडोबाकडचे पत्रक मात्र ‘५५ पी/८’. अंकच बदलला, कारण मधून २० अंश उत्तर अक्षवृत्त जाते.

गडचिरोलीची गंमत याहून मोठी. २० अंश उत्तर अक्षवृत्त आणि ८० अंश पूर्व रेखावृत्त जेथे एकमेकांना छेदतात तो बिंदू गडचिरोली शहराच्या दक्षिणेस थोड्याच अंतरावर आहे. या बिंदूपाशी ५५, ५६, ६४ आणि ६५ हे चारही मोठे चौकोन एकत्र येतात. त्यामुळे धानोरा ‘६४ डी’मध्ये, भामरागड ‘६५ ए’मध्ये, सिरोंचा ‘५६ एन’मध्ये, तर शहराच्या पश्चिमेकडचा भाग ‘५५ पी’मध्ये. १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळा झालेला हा एक जिल्हा पाहायचा तर चार अंकांची पत्रके शेजारी शेजारी मांडावी लागतात. पत्रके जोडता, कापता आणि एकमेकांवर ठेवता येणे ही येथे चैन नाही. त्यावाचून काम होतच नाही.

नियमांची कुलपे

स्वातंत्र्यानंतर दीर्घकाळ देशाच्या सीमेपासून आणि किनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटरच्या पट्ट्यातील मोठ्या प्रमाणाची पत्रके ‘प्रतिबंधित’ होती. यात जवळजवळ सगळे कोकण आले. रत्नागिरीच्या विद्यार्थ्याने समोच्च रेषा शिकायच्या त्या दूरच्या कुठल्या तरी पत्रकावर, स्वतःच्या गावच्या नव्हे, असा तो प्रकार होता. चंद्रपूर-गडचिरोली या पट्ट्याबाहेर असले, तरी नकाशा म्हणजे परवानगीची वस्तू ही वृत्ती सगळीकडे पसरली.

१९ मे २००५ रोजी राष्ट्रीय नकाशा धोरण जाहीर झाले. त्याने नकाशांच्या दोन मालिका केल्या, एक संरक्षण दलांसाठी आणि दुसरी सर्वांसाठी खुली. हे पाऊल निश्चितच पुढचे होते. पण त्याच धोरणात असेही होते की, एकाने घेतलेला नकाशा दुसऱ्याला दिला तर त्या देवघेवीची नोंद एका नोंदवहीत व्हावी. एका शिक्षकाने दुसऱ्याला नकाशा दिला याची सरकारदरबारी नोंद! खुल्या मालिकेच्या दारावरही कडी होतीच. २०१६ साली तर भू-स्थानिक माहितीच्या नियमनाचे असे विधेयक मसुदारूपाने पुढे आले, ज्यात परवान्याशिवाय अशी माहिती वापरल्यास सात वर्षांपर्यंत कैद आणि शंभर कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद होती. सुदैवाने तो मसुदा कायद्यात उतरला नाही. २०१७ साली सर्वेक्षण विभागाने आपल्या २५० व्या वर्षात ‘नक्शे’ हे संकेतस्थळ उघडले आणि खुल्या मालिकेचे नकाशे मोफत उतरवून घेण्याची सोय केली, पण आधार क्रमांकाने ओळख पटवण्याच्या अटीवर.

मोठा बदल झाला तो १५ फेब्रुवारी २०२१ रोजी. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या नव्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय नागरिक आणि संस्थांना नकाशे बनवण्यासाठी पूर्वपरवानगीची गरज ठेवली नाही. सार्वजनिक पैशातून तयार झालेली माहिती, संवेदनशील भाग वगळता, देशातल्या सर्वांना सहज मिळावी हे तत्त्वही मान्य केले. २८ डिसेंबर २०२२ च्या राष्ट्रीय भू-स्थानिक धोरणाने २००५ च्या धोरणाची जागा घेतली. या बदलाचे आम्ही मनापासून स्वागत करतो. तरीही एक प्रश्न उरतोच.

फुकट म्हणजे मोकळा नव्हे

नकाशा मोफत मिळणे आणि मोकळा मिळणे यात फरक आहे. पीडीएफ स्वरूपातील पत्रक हे नकाशाचे चित्र असते. ते पाहता येते, छापता येते. पण त्यातील ओढे वेगळे काढणे, समोच्च रेषांवरून उतार काढणे, त्यावर आपल्या गावाची सीमा बसवणे, चुकलेले नाव दुरुस्त करून पुढे देणे, हे त्या चित्रातून सहज होत नाही. नकाशाचे रूपांतर पुन्हा ‘पाहा, पण हात लावू नका’ अशा वस्तूत होते. कुलूप काढले, पण दार शिवून टाकले, असा हा प्रकार आहे.

याचे महत्त्व कळण्यासाठी गडचिरोलीसारखी जागा नाही. जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाखाली आहे. वनहक्क कायदा २००६ साली संमत झाला आणि त्याचे नियम २००८ साली आले. गावाने ज्या जंगलाचे परंपरेने रक्षण व वापर केला त्यावर सामूहिक हक्क मागण्याचा मार्ग त्याने खुला केला. या नियमांत पुराव्यांची जी यादी आहे, तिच्यात नकाशे आणि उपग्रहांनी घेतलेली चित्रे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा हे गोंड आदिवासींचे गाव, जे शेजारच्या लेखा गावाचे नाव जोडून मेंढा (लेखा) म्हणून ओळखले जाते, त्याला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांतले ते एक. तरी बांबू विकण्यासाठी वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडला. चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ साली हक्क मिळाला.

आता हे १,८०० हेक्टर नकाशावर मोजू. १,८०० हेक्टर म्हणजे १८ चौरस किलोमीटर. १:५०,००० च्या पत्रकावर एक चौरस किलोमीटर ४ चौरस सेंटिमीटर जागा व्यापतो. म्हणजे सगळे मिळून ७२ चौरस सेंटिमीटर, अर्ध्या पोस्टकार्डाहून थोडे अधिक. एवढ्या जागेत एका गावाचा बांबू, मोह, तेंदू, डिंक, मासळीचे ओढे आणि देवांच्या जागा आल्या.

या अर्ध्या पोस्टकार्डाची सीमा ठरवायची तर निरनिराळे नकाशे एकमेकांवर ठेवावे लागतात. बंदोबस्ताच्या काळापासून चालत आलेला, तलाठ्याकडचा गाव-नकाशा एका मैलाला सोळा इंच या प्रमाणाचा. वनखात्याचा कक्ष क्रमांक दाखवणारा नकाशा एका मैलाला चार इंच. टोपोशीट १:५०,००० ची. चौथी गोष्ट म्हणजे गावातल्या तरुणांनी हातातल्या जीपीएस यंत्राने सीमेवर चालून घेतलेल्या नोंदी.

येथे एव्हरेस्ट पुन्हा भेटतो. जुनी पत्रके त्याने मांडलेल्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेली आहेत, तर जीपीएस यंत्र डब्ल्यूजीएस-८४ नावाचा नवा आकार आणि नवा केंद्रबिंदू वापरते. त्यामुळे तेच अक्षांश-रेखांश दोन्हीकडे लावले तर आपल्या भागात जागा दीडशे-दोनशे मीटरने सरकते. कागदावर हा फरक तीन-चार मिलिमीटर, डोळ्याला न जाणवणारा. पण चार किलोमीटर लांबीची सीमा सलग दीडशे मीटरने सरकली तर ६० हेक्टर जंगल इकडचे तिकडे होते. दोन गावांत भांडण लावायला एवढे पुरे आहे. यात कोणी खोटे बोललेले नसते, कोणी लबाडी केलेली नसते. फरक फक्त पायाभूत आकाराचा असतो, आणि तो दुरुस्त करण्याचे गणितही ठाऊक आहे. मात्र ते करायला नकाशा मोजता येईल, सरकवता येईल अशा रूपात हाती हवा. कुलपातल्या चित्रावर हे गणित चालत नाही. मग गाव कोणाच्या तरी कार्यालयात जाते, आणि ‘आमच्या नकाशात असेच आहे’ हे उत्तर घेऊन परत येते. त्या उत्तराची तपासणी करण्याचे साधन गावाकडे नसते.

मेंढा (लेखा) येथे निर्णय सर्वसहमतीने होतात आणि त्याआधी प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी अभ्यासगट बसतो, ही गोष्ट देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे महाराष्ट्रभर माहीत झाली आहे. अभ्यासगट म्हणजे लोकांची प्रयोगशाळाच. प्रयोगशाळेला उपकरण नाकारून तिच्याकडून अचूक निष्कर्षांची अपेक्षा करता येत नाही.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

या मागणीवर घेतले जाणारे आक्षेप पोकळ नाहीत, म्हणून त्यांचा नीट विचार करू.

पहिला आक्षेप सुरक्षेचा. गडचिरोलीने सशस्त्र हिंसेची अनेक दशके सोसली आहेत, तेव्हा तो उडवून लावण्यासारखा नाही. पोलिसांचा तळ किंवा दारूगोळ्याचे कोठार नकाशावर नसावे हे योग्यच. त्या एवढ्या गोष्टी वगळता येतात, आणि खुल्या मालिकेत तशी सोयही केलेली आहे. पण ओढा, डोंगर, पायवाट आणि गाव ही गुपिते नव्हेत. जंगलात राहणाऱ्याला त्या ठाऊकच असतात, आणि आकाशातून घेतलेली चित्रे जगात कोणालाही पाहायला मिळतात. नकाशा बंद ठेवून अज्ञानात राहतो तो शाळेतला मुलगा आणि दावा भरणारा ग्रामसभेचा सदस्य. जीपीएसचे उदाहरण येथे बोलके आहे. सामान्य माणसाला मिळणाऱ्या संकेतात अमेरिका मुद्दाम बिघाड घालत असे, त्यामुळे शंभर मीटरपर्यंत चूक येई. १ मे २००० च्या रात्री हा बिघाड बंद केला गेला. आज गावातला तरुण आपल्या जंगलाची सीमा स्वतः मोजू शकतो, तो त्यामुळेच.

दुसरा आक्षेप खर्चाचा. सर्वेक्षण विभागाने नकाशे विकून पैसे मिळवू नयेत काय? विशेष सेवेचे पैसे जरूर घ्यावेत. पण मूळ सर्वेक्षण करदात्यांच्या पैशातून झालेले असते. ब्रिटनमध्ये सरकारी नकाशे महाग आणि बंदिस्त होते, म्हणून २००४ साली तेथे काही लोकांनी स्वतःच ओपनस्ट्रीटमॅप हा सर्वांचा खुला नकाशा बनवायला घेतला. पुढे १ एप्रिल २०१० पासून तेथील सरकारी संस्थेनेही आपली बरीच माहिती खुली केली. आपल्याकडेही हैदराबाद येथील ‘इन्कॉइस’ ही संस्था मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे याची सूचना मच्छीमारांना मोफत देते. मासे कुठे ते मोफत सांगायचे आणि खडक कुठे ते कुलपात ठेवायचे, यात सुसंगती दिसत नाही.

तिसरा आक्षेप असा की, मोकळा नकाशा कोणीही बिघडवील. त्याचे उत्तर वर येऊनच गेले आहे. प्रत्येक पत्रकावर सर्वेक्षण विभागाची अंकीय सही असावी, सर्वेक्षणाचे आणि दुरुस्तीचे वर्ष असावे. मूळ कोणते आणि फेरफार केलेले कोणते हे कोणालाही क्षणात तपासता येईल. न्यायालयात व कार्यालयात सही असलेलेच पत्रक चालावे, अभ्यासासाठी मात्र सगळ्यांना मोकळीक असावी.

उलट बंदिस्त नकाशाच अधिक चुका बाळगतो, असे आमचे मत आहे. समुद्रावर धोका दिसला तर खलाशाने कळवावे आणि नियमितपणे दुरुस्त्या प्रसिद्ध व्हाव्यात अशी जुनी पद्धत आहे. जमिनीवर तशी सवय आपल्याला लागली नाही. गोंडी आणि माडिया भाषांतील गावांची, टोल्यांची आणि ओढ्यांची नावे इंग्रजीत जाऊन देवनागरीत परत येताना काय होते, हे या भागातल्या शिक्षकांना सांगायला नको. ही चूक सर्वांत आधी कोणाला दिसते? तेथल्या शाळेतल्या मुलाला. पण ती दुरुस्त करण्याचा मार्ग त्याच्याकडून निघतच नाही.

वर्गात काय करता येईल

धोरण बदलेपर्यंत शिक्षकांनी थांबण्याचे कारण नाही. पहिली गोष्ट, प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावाच्या अक्षांश-रेखांशावरून पत्रकाचा क्रमांक स्वतः काढावा. अक्षरे आणि अंक वरून खाली आणि मग डावीकडून उजवीकडे जातात, एवढे सांगितले की पुरे. दुसरी, खुल्या मालिकेचे पत्रक रीतसर मिळवून त्यावर गावाच्या सीमेचे क्षेत्रफळ चौकट-कागदाने मोजावे आणि तलाठ्याकडच्या आकड्याशी ताडून पाहावे. तिसरी, जुन्या पत्रकांकडे दुर्लक्ष करू नये. आपल्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार सरकारी कामावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. त्यापूर्वीची पत्रके या हक्कातून मोकळी झालेली आहेत, आणि नदीचे पात्र किंवा जंगलाची कड किती बदलली हे त्यांच्यावरूनच कळते.

चौथी गोष्ट सर्वांत मोलाची. गावाचा नकाशा मुलांनी स्वतः करावा. होकायंत्र, पावलांचे मोजमाप आणि जमल्यास मोबाइलमधील जीपीएस, एवढी सामग्री त्याला पुरेशी आहे. ओढ्याचे, टेकडीचे, पाणवठ्याचे नाव आजीआजोबांना विचारून, ते म्हणतात तसेच लिहावे. नकाशाखाली करणाऱ्यांची नावे, तारीख आणि कोणता पायाभूत आकार वापरला ते नोंदवावे. हीच त्या नकाशाची सही. मग त्याची प्रत ग्रामपंचायतीत लावावी, ग्रामसभेला द्यावी, शेजारच्या शाळेला पाठवावी. शेजारच्या शाळेने त्यात चूक काढली तर ती दुरुस्त करून नवी तारीख घालावी.

नकाशा तपासता येतो, दुरुस्त करता येतो आणि दुरुस्तीनंतर पुन्हा सर्वांना देता येतो, हे ज्या मुलांनी एकदा करून पाहिले ती पुढे कोणत्याही कार्यालयातल्या नकाशासमोर गप्प बसणार नाहीत. ‘हे कोणत्या सालचे सर्वेक्षण? कोणत्या आकारावर बेतलेले? आम्हाला प्रत मिळेल का?’ असे ती विचारतील. सर्वेक्षण विभागाकडे आमची मागणीही याहून मोठी नाही. सही ठेवा, तारीख ठेवा, आणि कुलूप काढा.